शिरगणती चोख, एसटीचं मात्र विचारून घ्या: जिल्हा जनगणना पुस्तिका वापरताना

मराठवाड्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या एखाद्या गावाची लोकसंख्या किती आणि तिथं जायचं कसं, हे नेटवर शोधलं की भाराभर पानं उघडतात आणि सगळ्यांत एकाच विहिरीचं पाणी असतं. ती विहीर म्हणजे २०११ च्या जनगणनेची जिल्हा जनगणना पुस्तिका आणि तिच्यासोबतचे गाववार तक्ते. मधल्या पानांनी त्यात पदरची भर घातलेली असते. दरवर्षी काही टक्के वाढ धरून काढलेली '२०२५ ची लोकसंख्या', 'गावात सार्वजनिक बससेवा उपलब्ध आहे' असं एक ठोकळेबाज वाक्य, आणि कधीकधी तालुकाच भलता. म्हणून परीक्षण करायचं ते मूळ पुस्तिकेचंच. ती फुकट आहे, जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, आणि वाचायची रीत ठाऊक असेल तर गावाच्या लोकसंख्येसाठी आजही हिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. वाहतुकीच्या बाबतीत ती अर्धीमुर्धीच कामाला येते. पाचापैकी गुण द्यायचे तर लोकसंख्येला चार, वाहतुकीला दोन.

प्रत्येक जिल्ह्याच्या पुस्तिकेचे दोन भाग आहेत. महाराष्ट्राची मालिका २८ वी. तिच्यात भाग बारा-अ म्हणजे गाव आणि शहरांची निर्देशिका (शाळा, दवाखाना, पाणी, बस, रस्ता, बँक वगैरे सोयी) आणि भाग बारा-ब म्हणजे प्राथमिक गोषवारा (घरं, लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे). दोन्ही पीडीएफमध्ये मिळतात, आणि हेच आकडे एक्सेल तक्त्यातही मिळतात. कामासाठी एक्सेलच घ्या. पीडीएफमध्ये एका गावाची ओळ पुढच्या पानांवर पसरत जाते, नजर एक ओळ खाली घसरते आणि आपल्या गावाला शेजारच्या गावाचा दवाखाना चिकटतो. अशा चुका ग्रामपंचायतीच्या छापील आराखड्यांतही सापडतात.

पहिली अडचण गाव सापडण्याची. सगळी पुस्तिका इंग्रजीत, नावं रोमन लिपीत. तिथं ळ आणि ल एक, ण आणि न एक, खुर्द-बुद्रुक दोन-दोन अक्षरांत आखडलेले. बीड जिल्ह्याचं स्पेलिंग आपण लिहितो तसं दोन 'ई'चं नाही, 'बी-आय-डी' असं आहे; त्यामुळे नेहमीच्या स्पेलिंगने शोध दिला तर जिल्हाच सापडत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावंही तिथं नाहीत, कारण बदल नंतरचा. जुन्या नावांनीच शोधावं लागतं. वडगाव, पिंपरी, सावरगाव, जवळा ही नावं तर तालुक्या-तालुक्यात आहेत. म्हणून नावामागे न लागता कोड धरा. राज्याचा कोड २७. जिल्हे असे: नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. त्याखाली तालुका आणि मग गावाचा सहा आकडी कोड. हा सहा आकडी कोड एकदा वहीत लिहून ठेवला की पुढचं सगळं सोपं. जुन्या गावांना केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही हाच कोड आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन कामात तो परत लागतो.

आता लोकसंख्या. इथं पुस्तिका चोख आहे, पण ती नेमकं काय मोजते हे समजून घ्यायला हवं. जनगणनेचं 'गाव' म्हणजे महसुली गाव, तलाठ्याच्या दप्तरी स्वतंत्र नोंद असलेलं. गट ग्रामपंचायत असेल तर तिची लोकसंख्या काढायला दोन-तीन महसुली गावांची बेरीज करावी लागते, आणि उलट तांडा, वाडी, वस्ती यांना स्वतंत्र महसुली दर्जा नसेल तर त्यांची माणसं मूळ गावाच्या आकड्यात गेलेली असतात. जिथं मूळ गाव एकीकडे आणि दोन तांडे तीन-तीन किलोमीटरवर, तिथं तक्त्यातली एक ओळ तीन ठिकाणची माणसं सांगते आणि वेगळी कुणाचीच सांगत नाही. बेचिराग गावंही यादीत असतात, लोकसंख्येच्या जागी शून्य घेऊन. तो शून्य छपाईची चूक समजून कुणी 'दुरुस्त' करू नये.

साक्षरतेत तर हमखास घोळ होतो. तक्त्यात साक्षरांची संख्या आहे, टक्का नाही. टक्का काढताना लोक साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागतात. जनगणनेत साक्षरता सात वर्षांपासून पुढे मोजतात, म्हणून आधी ० ते ६ ची मुलं वजा करायची. समजा गावात १,२४० माणसं, त्यात ० ते ६ ची १६५, आणि साक्षर ७८०. बरोबर हिशोब ७८० भागिले १,०७५, म्हणजे ७२.६ टक्के. चुकीचा हिशोब ६२.९ टक्के देतो. दहा टक्क्यांचा फरक, आणि दोष गावाच्या शाळेवर.

तात्पुरते आणि अंतिम आकडेही एकत्र करू नयेत. २०११ च्या मार्च-एप्रिलमध्ये जाहीर झाले ते तात्पुरते. बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली ८०१ हा आकडा अजून भाषणांत फिरतो. अंतिम आकडा ८०७ आहे. गाववार तक्ते अंतिम आकड्यांवरच बेतलेले आहेत, तेव्हा गावाचा आकडा अंतिम आणि जिल्ह्याचा तात्पुरता अशी तुलना झाली की ताळा बसत नाही.

जुन्या जनगणनांशी तुलना करायची असेल तर जिल्ह्यांची वाटणी लक्षात ठेवा. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. हिंगोलीतल्या गावाची १९९१ ची लोकसंख्या परभणीच्या पुस्तिकेत शोधायची. वडवणी, धारूर, शिरूर कासार, वाशी, लोहारा हे तालुकेही १९९९ चे, त्याआधीचं गाव जुन्या तालुक्यात बसलेलं असतं.

सगळ्यांत मोठी गोम ऊसतोडीची आहे, आणि ती पुस्तिकेच्या प्रस्तावनेत कुणी सांगत नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भ क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा. नियम असा होता की नेहमी राहणारा माणूस या काळात एकदाही घरी नसेल तर तो घरी धरायचा नाही; तो जिथं आहे तिथं मोजायचा. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचं गाळप ऐन रंगात. दसरा-दिवाळीला उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या पट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी इकडच्या गावांतून जोडप्याने जाणारे कोयते (ऊसतोडीत एका जोडप्याला एक 'कोयता' म्हणतात) भरपूर. ही जोडपी आणि सोबत नेलेली लेकरं नियमाने सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) मोजली जाणार. गावात मोजले गेले ते म्हातारे, आजीकडे ठेवलेली मुलं आणि न गेलेली घरं. म्हणून अशा गावाची २०११ ची लोकसंख्या ही त्या गावाची फेब्रुवारीतली लोकसंख्या आहे. कुलूपबंद घरही कुटुंबाच्या रकान्यात येत नाही. आषाढात त्याच गावात रेशन दुकानासमोरची रांग बघितली तर आकडा खोटा वाटतो. तो खोटा नाही, तारखेचा आहे.

हे तपासायचं कसं? त्याच सुमाराची विधानसभेची मतदार यादी घ्या. महाराष्ट्रात तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोक अठरा वर्षांवरचे होते. यादीतले मतदार गावाच्या एकूण लोकसंख्येच्या दोन तृतीयांशाच्या बरेच वर जात असतील तर स्थलांतराचा संशय घ्या. मतदार यादीत मयत आणि पुण्याला गेलेली नावंही राहतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे, इशारा. अंगणवाडीचं कुटुंब सर्वेक्षण रजिस्टर यापेक्षा बरं, कारण सेविका घर ओळखून लिहिते आणि टोळीवर गेलेल्यांची वेगळी नोंद ठेवते. उलटं प्रकरणही असतं: गावात निवासी आश्रमशाळा असेल तर वसतिगृहातली मुलं गावाच्या आकड्यात धरलेली असतात, आणि छोटं गाव अचानक मोठं दिसतं.

वाहतुकीचे रकाने बघितले तर यादी भरगच्च आहे. सरकारी बस, खाजगी बस, रेल्वे स्टेशन, ऑटो आणि 'सुधारित ऑटो' (म्हणजे जुगाड), टॅक्सी, व्हॅन, ट्रॅक्टर, बैलगाडी. रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग यांना जोडलं आहे का. डांबरी, खडीचा, कच्चा, बारमाही, पायवाट. प्रत्येकाला उत्तर एकच: १ म्हणजे आहे, २ म्हणजे नाही. नसेल तर जवळची सोय किती लांब, तेही अक्षरात: 'ए' म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, 'बी' पाच ते दहा, 'सी' दहाच्या पुढे. बस्स. दिवसाला किती फेऱ्या, किती वाजता, पावसाळ्यात येते का, शाळा बंद असताना येते का, यातलं काही नाही. दिवसाला आठ फेऱ्यांचं गाव आणि संध्याकाळी येऊन सकाळी जाणाऱ्या एका मुक्कामी गाडीचं गाव, दोघांनाही '१'. 'सी' तर आणखी भोंगळ: रेल्वे अकरा किलोमीटरवर असली काय नि नव्वदवर असली काय, अक्षर तेच.

त्यात हे सोयींचे रकाने लोकसंख्येपेक्षाही जुने. तक्त्यात 'संदर्भ वर्ष' असा रकाना आहे, त्यात २००९ दिसेल. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग २११ म्हणजे आजचा ५२, सोलापूर-धाराशिव-बीड-संभाजीनगर-धुळे. कल्याण-नांदेड-निर्मलचा २२२ आता ६१ झाला. तुळजापूरहून लातूर-नांदेडमार्गे नागपूरकडे जाणारा ३६१ नंतर घोषित झाला, त्यामुळे त्यावरची गावं पुस्तिकेत 'राष्ट्रीय महामार्ग नाही' अशीच आहेत. रेल्वेचंही तसंच. आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये आली आणि अहिल्यानगर-बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. या पट्ट्यातल्या गावांचे 'सी' आता निम्मे तरी बदलायला हवेत.

समृद्धीचा मुद्दा वेगळा. जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या शिवारातून तो जातो, म्हणून गावाच्या माहितीत 'समृद्धी महामार्गाला लागून' असं लिहायची फॅशन आली आहे. त्यावर चढता येतं फक्त इंटरचेंजवरून, आणि दुचाकी-तीनचाकीला तिथं मनाई. गावाचं अंतर लिहायचं तर शिवारापासून नको, जवळच्या इंटरचेंजपासून लिहा.

फाट्याचा घोळ मराठवाड्यात सगळीकडे. बस मोठ्या रस्त्याने जाते, फाट्यावर थांबते, आणि गाव आत दोन-तीन किलोमीटर. माहिती देणाऱ्याने 'बस येते' म्हटलं की '१', 'फाट्यावर येते' म्हटलं की '२' आणि 'ए'. शेजारशेजारच्या दोन सारख्याच गावांना वेगळी उत्तरं दिसतात ती यामुळे. गावाचं पान लिहिताना 'फाटा अमुक, फाट्यापासून गाव इतके किलोमीटर, तो तुकडा डांबरी की मुरमाचा' एवढं लिहिलं की वाचणाऱ्याचं काम होतं.

रस्त्याच्या '१' वरही फार विसंबू नये. काळ्या भारी जमिनीत मुरूम-खडीचा थर पातळ पडला की पहिल्या दोन पावसांत माती फुगते, उन्हात आक्रसते, भेगा पडतात आणि डांबराचा पापुद्रा निघतो. कागदावर डांबरी, पायाखाली चिखल. त्याहून जास्त वेळा गाव तुटतं ते नळकांडी पुलावर. पाईप बुटके, त्यात पाचट-काटक्या अडकतात, आणि ओढ्याला पाणी आलं की पुलावरून वाहायला लागतं. चालक गाडी घालत नाही, घालूही नये. 'बारमाही रस्ता: आहे' असं लिहिलेल्या गावाला वर्षात चार-आठ दिवस रस्ता नसतो तो असा. विचारायचा प्रश्न 'रस्ता आहे का' हा नाही. 'पूल कुठला, पाणी वरून जातं का' हे विचारा.

तालुका आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासूनचं अंतर पुस्तिकेत किलोमीटरमध्ये आहे, ते बऱ्यापैकी बरोबर असतं. एसटीच्या तिकिटावरून अंतर काढायला जाऊ नका. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं, सात किलोमीटरला आणि बारा किलोमीटरला एकच पैसे पडतात. किल्लारी परिसरात १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेली गावं असोत की धरणाच्या पाण्यामुळे उठलेली, तिथं नकाशावरचं टोक जुन्या गावठाणाचं आहे की नव्या, एवढं पाहून मगच अंतर घ्या.

मग बसची खरी माहिती कुठून? तालुक्याच्या बसस्थानकावर नियंत्रकाच्या खिडकीशेजारी वेळापत्रकाचा फलक असतो. त्याचा फोटो काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. खिडकीत तीन गोष्टी विचारा: या गावाची मुक्कामी आहे का, शालेय फेरी कुठली, आणि गाडी गावात जाते की फाट्यावरून वळते. शालेय फेरी दिवाळीत आणि मे महिन्यात बंद असते, आणि फलकावर तसं लिहिलेलं असेलच असं नाही. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या लागतात, लग्नसराईत करारावर जातात, तेव्हा सगळ्यात आधी कमी होते ती दुपारची खेडेगावची फेरी. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे पाहुण्याला सगळ्यांत जास्त लागतं, आणि गावाच्या कुठल्याच पानावर ते नसतं.

एसटी नसली की अॅपे किंवा काळीपिवळी. त्यांना वेळापत्रक नाही, भरली की निघते. बाजाराच्या दिवशी सकाळी पाच-दहा मिनिटाला एक, एरवी तासभर बसा. पुस्तिकेत आठवडी बाजाराचा रकाना आहे. तो वाहतुकीच्या रकान्याशेजारी ठेवून वाचा, बरंच कळतं. पैशाचाही फरक पडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. जीपवाला कुणालाच सूट देत नाही. गाडी गावात येते की फाट्यावरच थांबते, यावर एखाद्या घराचा महिन्याचा दवाखान्याचा खर्च ठरतो.

तांड्यांसाठी ही पुस्तिका फार अपुरी आहे आणि इथं दोनातलाही अर्धा गुण कापावासा वाटतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता वस्तीच्या लोकसंख्येवर मिळतो: सपाट भागात ५०० आणि पुढे, खास भागांत २५०. चौथ्या टप्प्यातही आधार २०११ चीच लोकसंख्या. पण पुस्तिका वस्तीचा आकडा देतच नाही, महसुली गावाचा देते. मग तांड्याचा आकडा अंगणवाडी, शाळा, ग्रामपंचायतीच्या नोंदींवरून जुळवून दाखवावा लागतो आणि तिथं वाद होतात. रस्त्याची मागणी करताना रस्ता कुणाचा तेही पाहा. प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर 'प्रजिमा') सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ('इजिमा', 'ग्रामा') जिल्हा परिषदेकडे. भलत्या कार्यालयाला दिलेला अर्ज पुढे सरकवत नाहीत, नुसता पडून राहतो.

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे पुन्हा ऐन गाळपात. गावांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या, त्यानंतर महसुली दर्जा मिळालेला तांडा या वेळीही मूळ गावातच मोजला जाईल. ग्रामपंचायतीने दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत, घरनिहाय यादी करून ग्रामसभेत वाचून घ्यावी: घरातली माणसं किती, त्यातली टोळीवर कोण जाणार, कुठल्या कारखान्याला. जनगणनेचा आकडा त्याने बदलणार नाही. पण नंतर त्या आकड्यावर रस्ता, अंगणवाडी नाहीतर बसची फेरी नाकारली गेली, तर शेजारी ठेवायला तारखेचा कागद हाताशी राहील.